लहान नमुन्याची कैफियत

कर्करोगाच्या गाठीचे जनुकीय परीक्षण करावयाचे तर त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेला भरघोस तुकडाच हवा. सुईच्या पोकळीतून निघालेली धाग्याएवढी ऊती किंवा काचेवर पसरलेला पेशींचा पातळ लेप ह्यांवर असे परीक्षण करणे म्हणजे रुग्णाचा पैसा आणि प्रयोगशाळेचा वेळ ह्या दोहोंचा अपव्यय. आणि म्हणून मिरजेसारख्या गावांनी असले नमुने पाठविण्याच्या भरीस न पडता रुग्णालाच मुंबईचा रस्ता दाखवावा, असे एक मत अलीकडे मोठ्या शहरांतील वैद्यकवर्तुळात पुष्कळ आत्मविश्वासाने मांडले जाते. ह्या मतामागील हेतूविषयी मला शंका नाही. चुकीच्या निष्कर्षावरून चुकीचे औषध दिले जाऊ नये, ही त्यातील चिंता रास्तच आहे. तथापि हे मत शास्त्रदृष्ट्या अर्धेच खरे आहे आणि व्यवहारात ते घातक ठरते, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. कारण ज्यांच्या कागदावर ‘नमुना अपुरा, सबब परीक्षण शक्य नाही’ असा शेरा पडतो, त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी दुसरा नमुना नसतो आणि तो मिळविण्याइतका अवधीही उरलेला नसतो.

प्रथम हे रुग्ण कोण, ते पाहू. फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण आपल्याकडे बहुधा रोग पसरल्यावरच डॉक्टरांपुढे येतो. आधी महिनोन्‌महिने खोकल्याची औषधे होतात, अनेकदा क्षयाचेही उपचार होतात, आणि गाठीचे निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अशा रुग्णाच्या देहातून निघणारी ऊती ही सुईचीच असणार. शस्त्रक्रियेचा भरघोस तुकडा त्याच्याकडून मागणे म्हणजे जी शस्त्रक्रिया त्याला करताच येत नाही तिचा दाखला त्याच्याकडे मागणे होय. आणि जनुकीय परीक्षणाचा प्रत्यक्ष उपयोग सर्वांत अधिक कोणाला, तर ह्याच रुग्णाला. ईजीएफआर ह्या जनुकातील विशिष्ट उत्परिवर्तने असलेल्या गाठी गेफिटिनिबसारख्या गोळीला दाद देतात, हे २००४ साली बॉस्टनमधील दोन संशोधक-गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. टाटा स्मारक रुग्णालयातील ९०७ रुग्णांच्या पाहणीत ही उत्परिवर्तने सुमारे २३ टक्के रुग्णांत आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अशा उत्परिवर्तनाच्या ३५० रुग्णांवर चाचणी घेतली आणि गोळीच्या जोडीला रसायनोपचार दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर जातो, असे सिद्ध केले. हे संशोधन महाराष्ट्राच्या भूमीवर झाले आणि ती गोळी भारतीय कंपन्या तयार करतात. ह्या साऱ्याचा लाभ मिरजेच्या रुग्णाला मिळणार की नाही, हे सुईतून निघालेल्या त्या धाग्यावर अवलंबून आहे. तो धागा न वाचताच नामंजूर करावयाचा असेल, तर नामंजुरीचे कारण तितकेच भक्कम असले पाहिजे.

कारण असे सांगतात की, एवढ्याशा ऊतीत पुरेसा डीएनए असत नाही. हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेबानेच सोडविला पाहिजे. मनुष्याच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे दीड हजार पेशींत साधारण दहा नॅनोग्रॅम. निवडक जनुकांचे तुकडे आधी वाढवून मग त्यांचा क्रम वाचण्याच्या ज्या पद्धती आज प्रचारात आहेत, त्यांपैकी काहींना दहा नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. आता सुमारे एक मिलिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर लांब असा सुईचा धागा मेणात बसवून त्याचा पाच मायक्रॉन जाडीचा एक काप घेतला, तर त्यात काही हजार पेशी सहज येतात. असे दहा काप घेतले तर संख्या दहा हजारांच्या पलीकडे जाते. काढणी-गाळणीत निम्मा-अधिक डीएनए वाया गेला असे धरले, तरी शिल्लक राहिलेला कामापुरता असतो. धागा लहान असूनही गरज त्याहून लहान आहे, ही गोष्ट ‘अपुरा’ हा शेरा मारणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. कारण त्यांच्या मनातील माप दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रांचे आहे.

मग पुष्कळ लहान नमुने प्रत्यक्षात निष्फळ का ठरतात? ठरतात, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याचे खरे कारण पाहावयाचे असेल, तर यंत्राच्या दालनातून उठून सुई जेथे टोचली गेली त्या खोलीत यावे लागेल. शनिवारी दुपारी धागा काढला जातो आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, फॉर्मालिन म्हणून जे काही भरून ठेवलेले असते त्यात तो पडतो. ते द्रावण बफर घातलेले दहा टक्क्यांचे आहे, की बाटलीतील तीव्र फॉर्मालिन अंदाजाने नळाच्या पाण्यात ओतलेले आहे, हे डबीवर लिहिलेले नसते. नमुना किती वाजता आत पडला, तेही लिहिलेले नसते. बफर नसलेले जुने फॉर्मालिन आम्ल होत जाते, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि डीएनएच्या लांब साखळ्या तुटून शे-दोनशे घटकांचे तुकडे होऊ लागतात. सोमवारी, कधी मंगळवारी, डबी उघडते. स्तनाच्या कर्करोगातील ग्राहींच्या परीक्षणासाठी फॉर्मालिनमध्ये सहा ते बहात्तर तास, ही मर्यादा जगभर मान्य झालेली आहे. तिचे भान ठेवून सुईच्या वेळा ठरविणारी रुग्णालये किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मणक्यातील गाठीचा तुकडा असेल, तर हाड मऊ करण्यासाठी तो तीव्र आम्लात ठेवला जातो आणि त्या आम्लात डीएनए जवळपास संपतो. ईडीटीएच्या सौम्य द्रावणात हेच काम काही दिवस अधिक घेऊन होते, पण तेवढी सवड कोणी देत नाही.

त्यानंतर मायक्रोटोमवरील, म्हणजे काप घेण्याच्या यंत्रावरील हानी. मेणाच्या ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून पहिले काही काप टाकून दिले जातात, ह्याला ट्रिमिंग म्हणतात. मोठ्या तुकड्यात ते खपून जाते; धाग्याच्या ब्लॉकमध्ये मात्र त्या चार-सहा कापांत ऐवजाचा मोठा वाटा जातो. शिवाय ब्लॉक एकदा उतरवून पुन्हा चढविला की पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागतो. आज एक रंग, परवा दोन रंग, पुढल्या आठवड्यात आणखी चार, अशी डझनभर रंगांची मागणी हप्त्याहप्त्याने येत राहिली, की शेवटी जनुकीय परीक्षणाची वेळ येते तेव्हा ब्लॉकात मेणच उरते. ह्यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही: पहिल्याच बैठकीत दहा-पंधरा काप रंग न देता काचांवर घेऊन बाजूला ठेवावे. तंत्रज्ञाला आधी सांगितलेले असले, तर तो हे काम काही मिनिटांत करतो. सांगणे मात्र सुई टोचणाऱ्या डॉक्टरांकडून सुरू झाले पाहिजे, आणि तेथेच बहुतेक ठिकाणी खंड पडतो. तेव्हा निष्फळ ठरलेल्या नमुन्यांची जबाबदारी नमुन्याच्या आकारावर ढकलणे हा त्या नमुन्यावर अन्याय आहे. आकार बदलणे कोणाच्या हाती नसते. डबीतील द्रावण आणि डबीवरची वेळ ह्या गोष्टी सर्वस्वी आपल्या हाती असतात.

येथे लेपाविषयीही बोलले पाहिजे, कारण लहान नमुन्यांत सर्वांत उपेक्षित तोच. बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून काचेवर पसरण्याची तपासणी, जिला आपल्याकडे सगळे एफएनएसी म्हणतात, ती गरिबांची तपासणी म्हणून खालच्या पायरीवर बसविली गेली. पण ह्या लेपाला फॉर्मालिनचा स्पर्श होत नाही. तो अल्कोहोलमध्ये स्थिर केला जातो किंवा हवेत वाळविला जातो. परिणामी त्यातील डीएनए मेणाच्या ब्लॉकातील डीएनएपेक्षा पुष्कळदा अधिक अखंड मिळतो. रंग दिलेली काच आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, तिचे छायाचित्र दप्तरी ठेवावे, गाठीच्या पेशी दाट असतील तो भाग काचेच्या मागील बाजूने हिऱ्याच्या पेन्सिलीने आखून घ्यावा, आणि मग तेवढाच भाग खरवडून घ्यावा. १९९६ साली बेथेस्डा येथे लेसर किरणाने नेमक्या पेशी उचलण्याचे तंत्र निघाले आणि ते सुंदर आहे. परंतु त्याच्या आधीपासून आणि त्याच्या नंतरही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने हे काम होत आले आहे. जिल्ह्याच्या गावातील ज्या पॅथॉलॉजिस्टांनी दुसरी साधने नाहीत म्हणून आयुष्यभर लेप वाचले, त्यांच्या हाती ह्या नव्या शास्त्राला हवे असलेले कौशल्य आधीच आहे. त्यांना ह्या कामातून वगळणे हे शास्त्राचेच नुकसान आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. लहान व जुन्या नमुन्यांतून खोटी उत्परिवर्तने निघतात, असे म्हणतात. ते खरे आहे. फॉर्मालिनमुळे डीएनएतील सायटोसिन ह्या घटकाचे रूप पालटते आणि वाचताना तेथे थायमिन असल्याचा भास होतो. नमुन्यात मूळ रेणू थोडे असतील, तर एखादा असा बिघडलेला रेणू वाढवून-वाढवून शेवटी खऱ्या उत्परिवर्तनाएवढा दिसू लागतो. ह्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे वाचनाच्या खोलीवरचा अंधविश्वास. समजा, एका नमुन्यात वाचण्याजोगे मूळ रेणू तीसच आहेत. शंभरांतील वीस पेशी गाठीच्या, आणि उत्परिवर्तन जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत, असे धरले तर त्या तिसांपैकी जेमतेम तीन रेणूंत ते असणार. दैवाने एकातही नसेल किंवा सहांत असेल. यंत्र तेच ठिकाण पाच हजार वेळा वाचू शकते. पण ते वाचते ते त्याच तीस रेणूंच्या प्रती. कारकुनाने एका साक्षीच्या शंभर नकला उतरल्या, म्हणून साक्षीदार शंभर होत नाहीत. तेव्हा ‘वाचन पाच हजार पट’ एवढेच छापून ‘उत्परिवर्तन नाही’ असा निवाडा देणारा अहवाल मलाही मान्य नाही, आणि असे अहवाल निघतात हे दुर्दैवाने खरे आहे.

परंतु ह्या दोषावर औषध आहे आणि ते कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. वाढवण्यापूर्वीच प्रत्येक मूळ रेणूला स्वतःची खूण जोडता येते, म्हणजे शेवटी नकला किती आणि साक्षीदार किती हे वेगळे मोजता येते. २०१२ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे लॉरेन्स लोएब ह्यांच्या गटाने डीएनएच्या दोन्ही पदरांना अशी खूण देऊन, दोन्ही पदरांत दिसेल तेच उत्परिवर्तन खरे धरावयाचे, ही पद्धत मांडली. फॉर्मालिनचा बिघाड मुळात एकाच पदरावर होतो, म्हणून तो येथे गळून पडतो. बिघडलेला सायटोसिन काढून टाकणारे विकरही मिळते. मात्र मिथिल जोडलेल्या सायटोसिनचा बिघाड त्याच्या तावडीत सापडत नाही, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. आणि ह्या सगळ्याहून स्वस्त व सोपा आधार म्हणजे त्याच रुग्णाचे चार-पाच मिलिलिटर रक्त. गाठीत दिसलेला फरक रक्तातही असेल तर तो जन्मजात, गाठीने कमावलेला नव्हे. आपल्या लोकांच्या बाबतीत ह्याचे महत्त्व फार आहे. कारण पाश्चात्त्य समाजांवरून तयार झालेल्या सूचींत आपल्याकडचे पुष्कळ निरुपद्रवी आनुवंशिक फरक नसतात आणि ते नवीन उत्परिवर्तन म्हणून अहवालात शिरतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतील डॉ. अमित दत्त ह्यांच्या गटाने २०१६ साली भारतीय रुग्णांच्या निरोगी ऊतींवरून अशा फरकांची सूची प्रसिद्ध केली, ती ह्याच गरजेतून. मिरजेहून नमुन्यासोबत रक्ताची एक नळी पाठविणे ह्यात अवघड काहीच नाही.

माझा आग्रह इतकाच की, लहान नमुन्यावरील प्रत्येक अहवालावर चार गोष्टी छापलेल्या असाव्यात: गाठीच्या पेशींचे प्रमाण, हाती आलेला डीएनए, मोजलेले स्वतंत्र रेणू, आणि ज्या जनुकांविषयी काहीच सांगता आले नाही त्यांची नावे. ‘आढळले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ ह्या दोन शेऱ्यांत रुग्णाच्या आयुष्याचे अंतर आहे. पहिल्याने गोळीचा विचार थांबतो, दुसऱ्याने पुन्हा सुई टोचण्याचा विचार सुरू होतो. जो प्रयोगशाळा-प्रमुख हे दोन्ही एकाच ‘निगेटिव्ह’ शब्दात गुंडाळतो, तो आणि जो न पाहताच नमुना परत करतो, हे दोघे उलट्या टोकांवर उभे असले तरी रुग्णाला सारखेच अंधारात ठेवतात.

तिसरा आक्षेप विद्वत्तापूर्ण वाटतो म्हणून अधिक पसरला आहे. गाठ सर्वत्र एकसारखी नसते. मग तिच्या एका कणावरून तिचा स्वभाव कसा सांगावा? ह्यासाठी २०१२ साली लंडनच्या गर्लिंजर व स्वॉन्टन प्रभृतींनी मूत्रपिंडाच्या गाठींवर केलेल्या अभ्यासाचा हवाला दिला जातो. त्यांना असे दिसले की ६३ ते ६९ टक्के उत्परिवर्तने गाठीच्या सर्व भागांत सापडत नाहीत. हवाला खरा आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. त्या अभ्यासाने उघडे पाडले ते एकाच जागेवरून घेतलेल्या नमुन्याचे अपुरेपण. तो नमुना मोठा असला तरी जागा एकच असते. शस्त्रक्रियेत निघालेल्या मुठीएवढ्या गाठीतूनही परीक्षणाला जातो तो एका ब्लॉकचा तुकडाच. उलट, वेगवेगळ्या दिशांनी घेतलेले तीन बारीक धागे गाठीविषयी एका जाड तुकड्याहून अधिक सांगतील. शिवाय औषधाशी थेट संबंध असलेली उत्परिवर्तने बहुधा गाठीच्या जन्माच्या वेळची असतात आणि म्हणून तिच्या सर्व शाखांत उतरलेली असतात. त्याच स्वॉन्टन ह्यांच्या पुढाकाराने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईजीएफआरमधील उत्परिवर्तने जवळजवळ नेहमी गाठीभर पसरलेली आढळली. ज्या एका प्रश्नाचे उत्तर रुग्णाला हवे आहे, त्या प्रश्नापुरता कण विश्वासार्ह आहे; गाठीचा संपूर्ण इतिहास त्याला कोणी विचारलेलाच नाही.

आता मिरजेच्या भागातील रोगाकडे वळतो, कारण तेथे वरील मताचे परिणाम सर्वांत विपरीत आहेत. तंबाखू-चुना, मिश्री आणि गुटखा ह्यांनी पोसलेला तोंडाचा कर्करोग, त्यातही गाल आणि हिरडी ह्यांच्या मधल्या खाचेतला, हा आपला खास रोग आहे. जगातील कर्करोगांच्या जनुकीय पाहणीची आंतरराष्ट्रीय वाटणी झाली तेव्हा भारताने हाच रोग आपल्याकडे घेतला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्ट्रेक ह्यांनी मिळून २०१३ साली पन्नास रुग्णांच्या गाठींचे वाचन प्रसिद्ध केले आणि टीपी५३, कॅस्प८ ह्या आधी ठाऊक असलेल्या नावांच्या जोडीला यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावे पुढे आणली. हे थोर काम आहे. तथापि हे रोग पूर्ण फुलल्यानंतरचे चित्र झाले. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे गालाच्या आतला पांढरा चट्टा, किंवा सुपारी-गुटख्याने आतली कातडी ताठरून तोंडाची चूळ भरण्याइतकीही फट राहत नाही ती अवस्था, ही लहान नमुन्यानेच अभ्यासावी लागते. चट्ट्यातून मोठा तुकडा काढायचा म्हणजे तो चट्टाच काढून टाकणे होय, आणि ज्या तोंडात एक बोटही जात नाही तेथे मोठ्या तुकड्याची भाषा करणे निरर्थक आहे. लहान नमुना शास्त्राच्या दारातून परत पाठविला, तर शास्त्राच्या पुढे नेहमी रोगाचा शेवटच येत राहील आणि त्याचा आरंभ कधी येणार नाही. कर्नाटकच्या सीमेवरून, कोकणातून, जत-कवठेमहांकाळच्या पट्ट्यातून जे रुग्ण मिरजेत दात दाखवायला येतात, त्यांच्यांत ह्या आरंभीच्या अवस्था रोज दिसतात. मुंबईला त्या दिसत नाहीत, कारण तेवढ्यासाठी कोणी मुंबईला जात नाही.

‘रुग्णालाच मुंबईला पाठवा’ हा सल्ला मिरजेच्या बाबतीत इतिहासालाही सोडून आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी येथे रुग्णालय उभे केले तेव्हापासून विजापूर-बेळगावपासून रत्नागिरीपर्यंतचा रुग्ण ह्या गावाकडे चालत, बैलगाडीने, पुढे आगगाडीने आला. वैद्यकीय पंढरी हे नाव गावाला लोकांनी दिले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, पुढे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालयही उभे राहिले. येथे सुई टोचणारे हात आहेत, काप घेणारे हात आहेत, काच वाचणारे डोळे आहेत. यंत्र नाही, हे खरे; पण यंत्र प्रत्येक गावात असण्याची गरजही नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने धाप लागलेल्या रुग्णाला आणि त्याच्या मजुरी बुडवून निघालेल्या मुलाला मुंबईला नेऊन, परळच्या फुटपाथवर जागा शोधायला लावून, तेथे तीच सुई पुन्हा टोचण्यापेक्षा, दहा काचा आणि रक्ताची नळी टपालाने जाणे हे अधिक शहाणपणाचे आहे. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचा पायाच असा आहे की, उपचार रुग्णाच्या गावाजवळ व्हावा आणि विद्या तेथे पोहोचावी. फुप्फुसात पुन्हा सुई घालताना छातीत हवा शिरण्याचा धोका असतो, हे ‘नमुना पुन्हा पाठवा’ असे लिहिणाऱ्याने लिहिण्यापूर्वी आठवावे. आणि लिहायचेच असेल, तर आधीचा नमुना कोणत्या कारणाने वाचता आला नाही, फॉर्मालिनने तुटला होता, की गाठीच्या पेशीच त्यात नव्हत्या, की डीएनए खरोखरच थोडा होता, ह्याचा खुलासा त्याच कागदावर करावा. कारण कळले, तर पुढची सुई वेगळ्या रीतीने टोचता येते. कारण न कळता आलेल्या नामंजुरीतून कोणी काही शिकत नाही आणि तीच चूक पुढच्या रुग्णावर होते.

काचांऐवजी ब्लॉकच पाठविला असेल, तर उरलेला ब्लॉक मात्र परीक्षणानंतर मिरजेला परत आलाच पाहिजे, ह्या मागणीवर मी सर्वांत अधिक भर देतो. गेफिटिनिबसारख्या गोळीने आटोक्यात आलेली गाठ वर्षभराच्या आसपास बहुधा पुन्हा उसळते, आणि उसळलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत ईजीएफआरमध्येच टी७९०एम नावाचे दुसरे उत्परिवर्तन आलेले असते. त्यावर ओसिमर्टिनिब ही वेगळी गोळी आहे. ते उत्परिवर्तन नव्याने आले की आरंभापासून गाठीत दडून होते, हे ठरवायचे तर नव्या सुईचा धागा जुन्या धाग्याशी ताडून पाहावा लागतो, आणि त्या दिवशी जुन्या ब्लॉकात निदान चार-पाच कापांपुरती ऊती शिल्लक असावी लागते.